तीन जिवांची

मराठीत गरोदर बाईला 'दोन जिवांची' म्हणतात. किती साधा आणि किती नेमका शब्द! इंग्रजीत ती 'एक्स्पेक्टिंग' असते, म्हणजे कोणाची तरी वाट पाहणारी. आपल्याकडे ती नुसती वाट पाहत नाही, दोन जीव घेऊन वावरते. आणि मोजताना पहिला जीव तिचा धरावा लागतो, नाहीतर 'दोन' हा आकडाच जमत नाही. 'डोहाळे' या शब्दामागेही हाच विचार आहे. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला 'दौहृदिनी', म्हणजे दोन हृदयांची, म्हटलं आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात असं सांगितलं आहे. म्हणजे आपल्या जुन्या शास्त्रकारांनाही पोटातल्या बाळाइतकीच ते पोट वागवणारी बाई दिसत होती.

आता जुळं असेल तर? मग ती तीन जिवांची. हा लेखप्रपंच त्या तीन जिवांबद्दल आहे, आणि विशेषतः त्यातल्या पहिल्या जिवाबद्दल, कारण शेवटच्या तीन महिन्यांत मोजणीतून नेमका तोच गळतो.

जुळी मुलं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. अमेरिकेत १९८० साली दर हजार जन्मांमागे सुमारे १९ बाळं जुळ्यातली असत, आज हा आकडा ३१ च्या आसपास आहे. शिक्षण, नोकरी, व्हिसा, घर हे सगळं मार्गी लावता लावता आई होण्याचं वय पुढे गेलं आणि वाढत्या वयात जुळ्यांचा संभव मुळातच जास्त असतो. त्यात वंध्यत्वावरच्या उपचारांची भर पडली. आपल्या मंडळाच्या गणपतीत एकसारखे दोन झब्बे किंवा दोन परकर-पोलकी दिसली नाहीत, असं वर्ष आता क्वचितच जातं. आपण कौतुकानं म्हणतो, "एका बाळंतपणात दोन! सुटलीस की गं!" सुटण्यापूर्वी तिनं काय काढलं, हे मात्र कोणी फारसं विचारत नाही.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून शेवटचा टप्पा सुरू होतो. एका बाळाच्या वेळी तो चाळीस आठवड्यांपर्यंत चालतो. जुळ्यांच्या बाबतीत निम्म्याहून अधिक बाळंतपणं सदतीस आठवड्यांच्या आतच होतात. बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास तिचं पोट एका बाळाच्या पूर्ण दिवसांच्या पोटाएवढं झालेलं असतं, आणि पुढचे आठवडे अजून बाकी असतात. जेवण चार घासांवर जात नाही, कारण जठराला जागाच उरत नाही. छातीत जळजळ होते, धाप लागते, कूस बदलायची तर उठून बसावं लागतं. झोप तुकड्यातुकड्यांत लागते. लोह कमी पडतं म्हणून गोळ्या, त्या गोळ्यांनी पोट जड. तपासण्या तर दर आठ-पंधरा दिवसांनी! वाढीचा अल्ट्रासाऊंड, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, बाळांच्या ठोक्यांचा आलेख. वजन सर्वसाधारण असलेल्या बाईचं जुळ्यांच्या वेळी १७ ते २५ किलो वजन वाढणं योग्य मानलं जातं. "किती सुटलीस!" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवलेला बरा.

यातलं बहुतेक सोसण्यासारखं असतं. गोम आहे ती इथेच. आपल्याकडे 'सोशिक' हा शब्द बाईची स्तुती म्हणून वापरला जातो. "आमच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत विहिरीचं पाणी भरत होतो," हे वाक्य ज्या मुलीनं लहानपणापासून ऐकलं आहे, ती डोकं दुखतंय हे सांगायला सहज दोन दिवस लावते. आणि जुळ्यांच्या शेवटच्या टप्प्यात दोन दिवस ही फार मोठी मुदत आहे.

कारण काही त्रास सोसायचे नसतातच. गोळीनं न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं ही प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराची लक्षणं असू शकतात. एका बाळापेक्षा जुळ्यांच्या वेळी हा विकार दुप्पट-तिप्पट वेळा होतो. बाळंतपणानंतरही काही आठवडे तो डोकं वर काढू शकतो, म्हणून "झालं एकदाचं" म्हणून बेफिकीर राहून चालत नाही. तळहात-तळपायांना रात्री असह्य खाज सुटली तर "पोट ताणलंय, खोबरेल लाव" असं आपण सांगतो. ती यकृताच्या, पित्ताच्या विकाराची खूण असू शकते. तो विकार आपल्या दक्षिण आशियाई बायकांत आणि जुळ्यांच्या गरोदरपणात अधिक आढळतो, आणि बाळांना त्याचा धोका असतो. ठरावीक अंतरानं पोट कडक होणं, कंबरेत खाली कळा, पाणी जाणं, रक्त दिसणं, बाळांची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही झालं तर वेळ कोणती आहे, डॉक्टर काय म्हणतील, उगाच हसं तर होणार नाही ना, असे विचार न करता फोन करायचा. यात वैद्यकीय सल्ला देण्याचा माझा हेतू नाही, तो प्रत्येकीनं आपल्या डॉक्टरकडूनच घ्यावा. मला म्हणायचं आहे ते असं, की सोसण्याला आपण सद्गुण मानतो, आणि तो सद्गुण या तीन महिन्यांत घात करू शकतो.

इथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. समजा, तिसाव्या-एकतिसाव्या आठवड्यात आईचा रक्तदाब चढला. औषधानं तो काही काळ आटोक्यात ठेवता येतो, पण या विकारावरचा मूळ उपाय एकच, बाळंतपण. इकडे पोटातला प्रत्येक दिवस बाळांच्या फुफ्फुसांना, मेंदूला मोलाचा. म्हणजे जो दिवस बाळांना फायद्याचा, तोच आईला धोक्याचा. किती थांबायचं? आईला विचाराल तर बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं, "माझं काय व्हायचं ते होवो, पोरं वाचली पाहिजेत." ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात. पण भरल्या डोळ्यांनी सुद्धा एक फरक आपण विसरू नये. त्याग हा देणाऱ्याचा मोठेपणा असतो, मागणाऱ्याचा हक्क नसतो. आई स्वतः होऊन म्हणाली तर ते तिचं आईपण. तीच गोष्ट नवऱ्यानं, सासूबाईंनी, डॉक्टरांनी किंवा समाजानं तिच्याकडून गृहीत धरली, की तिचं माणूसपण गेलं. मग ती तीन जिवांची राहत नाही, दोन जिवांची पेटी होते.

हे केवळ शब्दांचे खेळ नाहीत. १९८७ साली वॉशिंग्टन डी. सी. मध्ये अँजेला कार्डर नावाची तरुण बाई गरोदरपणाच्या सुमारे सव्विसाव्या आठवड्यात कर्करोगानं अत्यवस्थ झाली. पोटात एकच बाळ होतं. न्यायालयाच्या आदेशानं, तिचा होकार नसताना, सिझेरियन केलं गेलं. बाळ काही तास जगलं, दोन दिवसांनी तीही गेली. १९९० साली वरच्या न्यायालयानं तो आदेश रद्द ठरवला. निर्णयक्षम रुग्णाचं म्हणणं जवळजवळ सगळ्याच प्रकरणांत अखेरचं मानलं पाहिजे, आणि ती बोलू शकत नसेल तर तिनं काय ठरवलं असतं याचा शोध घेतला पाहिजे, असा तो निकाल होता. इंग्लंडमध्येही १९९८ साली अपील न्यायालयानं एका बाईवर तिच्या इच्छेविरुद्ध केलेलं सिझेरियन बेकायदा ठरवलं. कायद्याला जे समजायला विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, ते 'दोन जिवांची' म्हणणाऱ्या आपल्या भाषेला खरं तर आधीच ठाऊक होतं.

जुळ्यांच्या बाबतीत आणखी एक पेच असतो, आणि तो अधिक अवघड आहे. दोन बाळांचं हित दर वेळी एकच असतं असं नाही. समजा, एक बाळ छान वाढतं आहे आणि दुसरं मागे पडलं आहे. लहानग्याला बाहेर काढून वाचवायचं तर मोठ्यालाही अकाली जन्माला घालावं लागतं. थांबावं तर लहानगं जाण्याची भीती. दोघांच्या वारा वेगवेगळ्या असतील तर निदान एकाच्या दुखण्याचा दुसऱ्याच्या रक्तप्रवाहाशी थेट संबंध नसतो, आणि फार लवकरचे दिवस असतील तर डॉक्टर मोठ्याच्या हितासाठी थांबण्याचा विचार मांडू शकतात. वार एकच असेल तर दोघांच्या रक्तवाहिन्या आतून जोडलेल्या असतात, आणि एक गेलं तर त्याच क्षणी दुसऱ्याला इजा पोहोचू शकते. मग तिथला हिशेब निराळा.

हिशेब हा शब्द मुद्दाम वापरला. आपण इथे बहुतेक जण इंजिनियर, अकाउंटंट, आयटीवाले. टक्केवारी मांडली की उत्तर मिळतं अशी आपली श्रद्धा. पण सत्तर टक्के आणि नव्वद टक्के असे आकडे डॉक्टरांनी पुढे ठेवले, तरी 'कोणत्या बाळासाठी कोणाला धोक्यात घालायचं' याचं उत्तर त्या आकड्यांत नसतं. आकडे रस्ते दाखवतात, पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. माझ्या मते अशा वेळी आईबापांनी एक गोष्ट मनाशी पक्की बांधून ठेवावी. दोन वाईटांतून एक निवडावं लागणं म्हणजे एका लेकराला नाकारणं नव्हे. जी माहिती त्या दिवशी होती, तिच्या आधारानं, दोघांवर सारखी माया ठेवून जे ठरवलं, ते योग्यच होतं, पुढे काहीही घडो. निर्णयाची नीती त्याच्या परिणामावरून ठरवायची म्हटली, तर जगात कोणताच आईबाप निर्दोष सुटणार नाही.

आता जरा हलका विषय. सिझेरियन ठरलं, की भारतातून फोन येतो, "मुहूर्त काढून पाठवतो!" गुंतागुंत नसेल आणि दोन वारा असतील, तर अमेरिकेत अडतीस आठवडे पूर्ण झाल्यावरच्या आठवड्यात, आणि ब्रिटनमध्ये सदतिसाव्याच्या सुमारास बाळंतपण करावं असा तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला असतो. वार एक असेल तर त्याआधी. या मुदतीतले दोन-तीन दिवस डॉक्टरांना सारखेच असतील, तर त्यातला आजोबांच्या पंचांगातला दिवस घ्यायला काय हरकत आहे? आजोबा खूश, आपलं काही जात नाही. पण गुरुपुष्यासाठी बाळांना आठवडाभर आधी ओढणं किंवा अमावस्या टाळायला धोका वाढवत थांबणं, याला श्रद्धा म्हणता येत नाही. ती दुसऱ्याच्या जिवावरची हौस झाली. शिवाय सिझेरियनमध्ये दोन बाळं मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतरानं येतात, पत्रिका जवळजवळ एकच, आणि तरी पुढे एक वरणभात खातं, दुसरं पानाकडे ढुंकून बघत नाही! आठव्या महिन्यातलं मूल जगत नाही, सातव्यातलं जगतं, ही जुनी समजूतही अशीच. निरोगी गर्भाला पोटात मिळालेला आठवडा हा लाभाचाच असतो. आठवा महिना सातव्यापेक्षा नेहमीच बरा.

जुळी म्हणजे सिझेरियनच, असंही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, पंचवीस देशांतल्या सुमारे २८०० बायकांच्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल तर ठरवून केलेल्या सिझेरियननं बाळांचा धोका कमी होत नाही. तेव्हा 'नॉर्मल'चा हट्ट जसा नको, तसा 'कशाला उगाच, फाडून घे' हाही नको. शरीर तिचं आहे. कळा तिला येणार आहेत, टाके तिला पडणार आहेत.

मात्र इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लेख एकांगी होईल. "तुझं शरीर, तुझा निर्णय" असं म्हणून हात झटकणं फार सोपं असतं. या देशात राहून आपण ती भाषा पटकन शिकलो. पण तिसऱ्या टप्प्यातल्या बाईला निर्णयाचा हक्क देऊन निर्णयाचं ओझंही एकटीच्या डोक्यावर ठेवणं, हे स्वातंत्र्य नव्हे. तिला टाकून देणं झालं. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी होत असे. त्यात जाच कमी नव्हता, पण रात्री तीन वाजता "आई गं" म्हटलं तर ओ देणारं कोणी असे. इथे आईचा व्हिसा सहसा सहा महिन्यांचा, आणि जुळी कधी येतील याचा नेम नाही. लवकर बोलावलं तर डिंकाचे लाडू खाऊन आणि पहिला महिना निभावून आई परत जाते, आणि खरी तारांबळ उडते तेव्हा घरात कोणी नसतं. उशिरा बोलावलं तर विमान उतरण्याआधी बाळं एनआयसीयूत. नवऱ्याची रजा? १९९३ च्या कायद्यानं अमेरिकेत बारा आठवडे मिळतात खरे, पण बिनपगारी, आणि तेही कंपनी पुरेशी मोठी असेल व नोकरीला वर्ष झालं असेल तर. काही राज्यांनी पगारी रजेचे कायदे केले, कॅलिफोर्नियानं तर २००२ सालीच. तेव्हा आपल्या राज्यात काय आहे, हे अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आधीच विचारून ठेवावं.

आणि म्हणूनच मला वाटतं, की या प्रश्नाचं उत्तर एका घराच्या चार भिंतींत मिळणारं नाही. मंडळ कशासाठी आहे? आपण डोहाळजेवण हौसेनं करतो. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, पेढा की बर्फी. (जुळ्यांना दोन वाट्या उघडाव्यात का, यावर एकदा आमच्याकडे जोरदार चर्चा झाली होती.) हे सगळं हवंच. पण त्या दिवशी भेटकार्डांबरोबर एक कागदही फिरवावा. मंगळवारी डबा कोणाचा, तपासणीला गाडी कोण नेणार, मोठं भावंडं असेल तर शाळेतून कोण आणणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा. पूर्वी डॉक्टर सरसकट 'बेडरेस्ट' सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण नुसतं पडून राहिल्यानं मुदतपूर्व बाळंतपण टळतं असा पुरावा मिळाला नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. तिला पलंगाला खिळवायचं नाही, तिची कामं वाटून घ्यायची आहेत. दोन्ही गोष्टी वरवर सारख्या दिसतात, पण पहिलीत आपल्याला काही करावं लागत नाही!

शेवटी एक आक्षेप राहतो. "शुभ बोल नाऱ्या" म्हणणारी वडीलधारी मंडळी प्रत्येक घरात असतात. बाळंतपणापूर्वी वाईट बोलू नये, पाळणा आणू नये, नाट लागते. या भीतीमागची माया मला कळते. ज्या काळात बाळ जगेल की नाही याची खात्री नव्हती, त्या काळात रिकामा पाळणा डोळ्यांसमोर नको, यात शहाणपणही होतं. पण आज न बोलण्याची किंमत मोठी आहे. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी दाखवून दिलं, की बाळ लवकर येणार असं दिसताच आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुफ्फुसं सावरायला मदत होते. पण त्याचा पूर्ण गुण यायला साधारण एक-दोन दिवस लागतात. म्हणजे वेळेवर बोललेल्या शब्दावर दोन जिवांचा श्वास अवलंबून असू शकतो. एनआयसीयू आधी जाऊन पाहून या. कोणाच्या मनात काय आहे, कोणत्या प्रसंगी काय करायचं, हे नवरा-बायकोनं एका निवांत संध्याकाळी बोलून ठेवावं, जमलं तर लिहून डॉक्टरांना द्यावं. "माझा जीव की बाळांचा, अशी वेळ आली तर..." हे वाक्य तिला पूर्ण करू द्यावं. "असं बोलू नकोस" म्हणून तिचं तोंड बंद करू नये. वाईटाचं नाव घेतल्यानं वाईट घडत नाही. ते ऐन वेळी एकटीला गाठत नाही, एवढंच होतं.

या वर्षी आपल्या ओळखीतली कोणी तीन जिवांची असेल, तर तिला भेटल्यावर पहिला प्रश्न बाळांचा विचारू नका. "तू कशी आहेस?" असं विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. ती म्हणेल, "मी ठीक आहे." तेव्हा शेजारची खुर्ची ओढून बसा आणि पुन्हा एकदा विचारा.